विषयतज्ज्ञांची सही

महाविद्यालयीन अध्यापकांच्या नेमणुकांविषयी खानदेशात जे बोलले जाते ते चहाच्या टपरीवर आणि एस.टी.च्या थांब्यावर बोलले जाते. जे लिहिले जाते ते निवड समितीच्या इतिवृत्तात. या दोन मजकुरांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो, हे जळगाव-धुळ्यातील कोणताही एम.ए. झालेला मुलगा सांगू शकेल. साहित्याच्या अभ्यासकांनी याविषयी बोलण्याचे कारण असे की, इतिवृत्ताच्या खाली ज्या सह्या असतात त्यांत संस्थाचालकांची सही असते तशीच मराठी, हिंदी, इंग्रजीच्या मान्यवर समीक्षकांचीही असते. संस्थाचालकाविषयी लिहिणे सोपे आहे. ग्रामीण कादंबरीने ते काम इमानेइतबारे पार पाडले आहे. कडक इस्त्रीचे कपडे, पांढरी गाडी आणि भोवती चार हुजरे असा तयार खलनायक आपल्याला तिच्यात केव्हाही मिळतो. आम्हांला बोलायचे आहे ते त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, चष्मा पुसत असलेल्या गृहस्थांविषयी.

आधी नियम पाहू, कारण या व्यवहारात नियम कोणी मोडत नाही, हीच त्याची खुबी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी गुणांची वाटणी दिलेली होती. शैक्षणिक आलेख व संशोधन यांस ५० टक्के, विषयज्ञान व अध्यापनकौशल्य यांस ३०, आणि प्रत्यक्ष मुलाखतीस २०. ही वाटणी आदर्श होती असे नव्हे. तिने संशोधनपत्रिकांचा एक बाजार जन्माला घातला. दोन हजार रुपयांत आंतरराष्ट्रीय क्रमांकासह शोधनिबंध छापून देणारी दुकाने त्याच काळात फोफावली. पण निदान पन्नास गुण कागदावर असत आणि कागद मागता येतो. १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी तेही काढून घेतले. आता पदवी, पदव्युत्तर पदवी, पीएच.डी., नेट-सेट, प्रकाशने, अनुभव यांचे गुण मोजायचे ते केवळ मुलाखतीस कोणाला बोलवावे हे ठरवण्यापुरते. दाराच्या आत पाऊल टाकले की हे सारे गुण पुसले जातात आणि निवड फक्त मुलाखतीतील कामगिरीवर होते. विनियमांत हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे की त्याचा दुसरा अर्थ लावण्याची सोय नाही. वीस वर्षांचा अभ्यास एका पारड्यात आणि पाच मिनिटांचे संभाषण दुसऱ्या पारड्यात, असेही म्हणता येत नाही. पहिले पारडे काढूनच ठेवलेले आहे.

शाळांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र शासनाला २०१७ मध्ये वेगळे काही सुचले होते. शिक्षकभरतीतील मुलाखत हीच गळकी जागा आहे, हे ओळखून पवित्र पोर्टल आणि त्यासाठीची २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आली. त्या डिसेंबरात ती पहिल्यांदा झालीही. जिल्हा परिषदांच्या शाळांत या गुणांवर थेट नेमणुका मिळू लागल्या. पुढे खासगी संस्थांना 'मुलाखतीसह' आणि 'मुलाखतीशिवाय' असे दोन पर्याय देण्यात आले. ज्यांना निवडीचा अधिकार हातचा सोडवत नव्हता त्यांच्यासाठी पहिला पर्याय होताच. तरीही तत्त्व मान्य झाले होते: चौथीच्या वर्गाला शिकवणारा माणूस बंद खोलीत निवडला जाऊ नये. मग एम.ए.च्या वर्गाला शिकवणारा का निवडला जावा, हा प्रश्न शासनाने स्वतःला विचारला नाही. विद्यापीठांतील पदांसाठी २०२५ मध्ये शैक्षणिक कामगिरीला अधिक आणि मुलाखतीला कमी वजन देणारी पद्धत आणली गेली. म्हणजे विद्यापीठाच्या विभागात वशिला चालू नये, असे निदान कागदावर तरी ठरले. खानदेशातील विद्यार्थी मात्र विद्यापीठाच्या विभागात फार थोडे शिकतात. ते शिकतात चोपड्याला, शिरपूरला, पारोळ्याला, शहाद्याला, संस्थांच्या महाविद्यालयांत.

आता खोलीत जाऊ. आमच्यापैकी बहुतेकांनी गेल्या काही वर्षांत अशा मुलाखती दिलेल्या आहेत. कोणी चार, कोणी अकरा. संस्थांची नावे आम्ही लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही, कारण वर्णन सर्वत्र सारखेच निघते. जिल्ह्यापुरत्या खपाच्या दैनिकात जाहिरात येते, पंधरा दिवसांची मुदत असते. अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या छायाप्रतींचा गठ्ठा जोडायचा, एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडे पाठवायची. मुलाखतीच्या दिवशी सकाळी दहाला हजर राहावे असे पत्र येते. तज्ज्ञमंडळी साडेअकराला पोचतात. व्हरांड्यात एका पदासाठी अडतीस जण बसलेले असतात. त्यांतला एक जण बसलेला नसतो, तो शिपायाला पाणी आणावयास सांगत असतो. बाराच्या सुमारास सर्वांना तो कोण हे कळलेले असते. उरलेल्या सदतिसांची गरज संख्येपुरती असते. अडीचला जेवण असते, त्याआधी काम उरकायचे असते. अडतीस उमेदवार, तीन तास. भागाकार वाचकांनी करावा, आणि त्यातून नमस्कार, कागदपत्रे चाळणे आणि 'या आता' हे शब्द वजा करावेत. जे उरते त्यात अध्यापनकौशल्य तपासले जाते.

पहिला प्रश्न बहुधा गावाचा असतो. "कोन गावना शे रे भाऊ?" असे अहिराणीत, मोठ्या आपुलकीने. उमेदवारालाही बरे वाटते. गावावरून आडनावाची शहानिशा होते, आडनावावरून पुढची, आणि तेथेच मुलाखत संपते. नंतरचे प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारले जातात. एका ठिकाणी आमच्यातील एकीला विषयतज्ज्ञांनी विचारले, "बहिणाबाईंच्या अहिराणीची वैशिष्ट्ये सांगा." तिने नम्रपणे सांगितले की, बहिणाबाई असोद्याच्या, नांदल्या जळगावात, त्यांची भाषा लेवा गणबोली होय. अहिराणीचा मुलूख धुळे-नंदुरबारकडचा, आणि जळगाव जिल्ह्यात अमळनेर-चाळीसगावच्या अंगाचा. दोन्ही बोलींची क्रियापदेच निराळी चालतात. हे उत्तर, खरे तर, कोणत्याही मराठी विभागाने आनंदाने उचलून घ्यावे असे होते. अध्यक्षस्थानावरून प्रश्न आला, "ताई, वाद घालायची सवय आहे का तुम्हाला?" सगळे हसले. विषयतज्ज्ञही हसले, आणि आमच्या मते त्या दिवसाची सर्वांत गंभीर घटना ती होती. अध्यक्षांना बोलीभाषांतला भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. तज्ज्ञांना तो ठाऊक नसेल तर ते तज्ज्ञ नव्हेत. ठाऊक असेल तर त्यांनी हसायला नको होते.

(ज्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव दिले गेले, त्याच्या परिक्षेत्रात हा प्रश्न असा विचारला जावा, यावर अधिक भाष्य नको. निरक्षर बहिणाबाई आज सहायक प्राध्यापकपदाच्या चाळणीतही उतरल्या नसत्या, हा विनोद आम्ही अनेक चर्चासत्रांत ऐकला आहे. तो सांगणारे बहुतेक जण निवड समित्यांवर असतात.)

पैशाचे काय, असे वाचक विचारतील. आकडा आम्ही लिहिणार नाही. एक तर आम्ही कोणाच्या हातातून कोणाच्या हातात काही जाताना पाहिलेले नाही. दुसरे असे की, हा आकडा सतत उच्चारला जाणे हे त्या व्यवहाराचेच एक अंग आहे. अमुक विषयाला अमुक, अनुदानित असेल तर तमुक, अशी जी वाणसामानाच्या यादीसारखी माहिती गावोगाव फिरते ती जाहिरातीचेच काम करते. जाहिरात जे सांगू शकत नाही ते ती सांगते. पण त्यामागचे गणित उघड आहे आणि ते मांडता येते. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता व घरभाडे त्यावर. हे वेतन संस्था देत नाही, शासन देते. नेमणूक मात्र संस्था करते. पगार एकाचा आणि निवड दुसऱ्याची, अशी व्यवस्था जेथे असेल तेथे पद ही विकाऊ मत्ता होणारच. त्यासाठी संस्थाचालक विशेष दुष्ट असावा लागत नाही. ज्या वस्तूचा खर्च त्याला करावा लागत नाही ती त्याच्याकडे दर काही वर्षांनी आपोआप येऊन पडते.

आणि ती दुर्मीळही केली जाते. २५ मे २०१७ रोजी शासनाने सहायक प्राध्यापकांच्या भरतीवर बंदी घातली. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरण्यास परवानगी मिळाली. ती पुरती भरून होण्याआधी करोना आला, मे २०२० मध्ये पुन्हा बंदी. उरलेली २,०८८ पदे भरण्यास पुन्हा मान्यता मिळायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. या मधल्या वर्षांत नेट-सेट झालेल्यांची संख्या दर परीक्षेगणिक वाढत होती. नळाला पाणी दहा दिवसांनी येणार असेल तर टँकरवाल्याचा भाव कोण ठरवतो हे जळगाव-धुळ्याच्या लोकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैसे देणारा उमेदवार अपात्र असतो, असे आपण गृहीत धरतो. तसे मानण्यात न निवडल्या गेलेल्यांना थोडे समाधानही असते. वस्तुस्थिती तशी नाही. अडतिसांपैकी पस्तीस जण पात्र असतात, वीस जण चांगले असतात, पाच-सहा उत्तम असतात. पात्रता सर्वांकडेच असल्यामुळे निर्णय दुसऱ्या कशावर तरी ढकलणे सोपे जाते. निवडला गेलेला त्या उत्तमांपैकीही असू शकतो. बापाची कापसाची चार एकर जमीन, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले, सासऱ्याचे काही, असे करून तो आत येतो आणि पुढची दहा वर्षे फेडत राहतो. अशा माणसाने प्राचार्यांच्या विरोधात, संस्थेच्या विरोधात, अभ्यासक्रमाच्या विरोधात कधी एक वाक्य उच्चारावे अशी अपेक्षा कोणी कशी करावी? आपल्या महाविद्यालयांत वाद का होत नाहीत, मराठी विभाग पाठ्यपुस्तकाबाहेर का पाऊल टाकत नाहीत, यावर आपण जे परिसंवाद घेतो त्यांची उत्तरे तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदींत सापडतील.

साहित्याच्या वाचकांना या संदर्भात भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील आठवल्यावाचून राहणार नाही. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्या १९७० च्या दशकातील. नेमाडे सांगवीचे, खानदेशातले. धुळ्यात त्यांनी अध्यापनही केलेले. आडगावातील महाविद्यालये, तेथील गटबाजी, संस्थाचालकांची मर्जी, जातीचे हिशेब हे सारे चांगदेवाने पाहिले, आणि आपले अध्यापक आजही या कादंबऱ्यांतील व्यवस्थेचे चित्र वर्गात मोठ्या चवीने शिकवतात. पण या चित्रातली एक गोष्ट आज पार बदललेली आहे आणि ती शिकवताना कोणी सांगत नाही. चांगदेव नोकरी सोडतो. एक गाव पटले नाही की बिस्तरा गुंडाळून तो दुसऱ्या गावी जातो, आणि तेथेही त्याला नोकरी मिळते. तालुक्या-तालुक्याला महाविद्यालये निघत होती आणि इंग्रजी शिकवणारे एम.ए. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच्या तिरस्कारामागे, त्याच्या परात्मतेमागे, ज्यावर आपण एवढे प्रबंध लिहिले, राजीनाम्याची शक्यता उभी आहे. आजच्या चांगदेवाला परात्म होण्याचीही चैन परवडत नाही. त्याच्याकडे राजीनामा देण्यासाठी नोकरीच नाही. जी आहे ती दर वर्षी मार्चअखेर आपोआप संपते. चांगदेव चतुष्टयाला समकालीन म्हणून शिकवणाऱ्यांनी ही एक कसोटी लावून पाहावी. आमच्या मते त्या आता ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या आहेत.

संपणाऱ्या नोकरीचे नाव तासिका तत्त्व. आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा, अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका आणि मानधन साठ मिनिटांच्या हिशेबाने, तेही महिन्याच्या महिन्याला नव्हे. बिले सहसंचालक कार्यालयात जातात, त्रुटी निघतात, परत येतात, दिवाळी होऊन जाते. दर वर्षी जून-जुलैत त्याच पदासाठी त्याच माणसाला नवी जाहिरात, नवा अर्ज, नवी मुलाखत. आमच्यातील एकाने एकाच महाविद्यालयात एकाच विषयासाठी सात वेळा मुलाखत दिली आणि सातही वेळा त्याची निवड झाली. सातव्या वर्षी त्याला विचारण्यात आले, "याआधी शिकवण्याचा काही अनुभव?" विचारणारे प्राध्यापक त्याच्याच शेजारच्या वर्गात शिकवीत होते. ही क्रूरता नव्हती. प्रश्न छापील होता, तो विचारला गेला. मात्र पूर्णवेळ पदाच्या चाळणीत एका वर्षाच्या अनुभवाला दोन गुण असे जास्तीत जास्त दहा गुण आहेत, आणि तेथे हीच सात वर्षे पुढे केली की, हा अनुभव ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर मिळते.

आता विषयतज्ज्ञांकडे वळू. त्यांच्याशी आम्ही खासगीत बोललो आहोत. अनेक जण आमचे गुरुजन आहेत, आणि त्यांच्या व्याख्यानांतून आम्ही पुष्कळ शिकलो, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे साधारणपणे तीन प्रकारचे असते. एक, आम्ही जाण्यापूर्वीच सारे ठरलेले असते. दुसरे, आम्ही नाही गेलो तर दुसरा कोणी जाईल. तिसरे, जे जरा थांबून सांगितले जाते, की निवडलेला मुलगा काही वाईट नव्हता हो. तिसऱ्याचे उत्तर वर आलेच आहे. दुसरे म्हणणे जगातील प्रत्येक गैरव्यवहारात कामास येते, तेव्हा त्यात वेळ घालवू नये. पहिले मात्र तपासण्याजोगे आहे, कारण ते खोटे आहे.

२०१८ च्या विनियमांनुसार महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाच्या निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष वा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य आणि विभागप्रमुख असतात. कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी, त्यांतला एक विषयतज्ज्ञ. आणि कुलगुरूंनी सुचवलेल्या पाच नावांतून घेतलेले महाविद्यालयाबाहेरचे आणखी दोन विषयतज्ज्ञ. एकूण तज्ज्ञ तीन. गणपूर्तीसाठी पाच सदस्य लागतात, आणि त्यांत तिघांपैकी किमान दोन विषयतज्ज्ञ असलेच पाहिजेत. याचा सरळ अर्थ असा की, दोन विषयतज्ज्ञ खुर्चीवरून उठले तर ती बैठकच उरत नाही. अध्यक्षांना हा अधिकार नाही. प्राचार्यांना नाही. मराठीच्या दोन प्राध्यापकांना आहे. विनियम लिहिणाऱ्यांनी, कदाचित नकळत, सारे कुलूप त्यांच्या हाती दिलेले आहे. सारे आधीच ठरलेले असते हे खरेच. पण ते ठरवताना दोन तज्ज्ञ सही करतील हे धरलेले असते, आणि आजवर तो हिशेब चुकलेला आम्ही तरी ऐकलेला नाही. उठणे फारच होत असेल तर भिन्नमताची दोन ओळींची टिपणी लिहिता येते. तीही आम्ही पाहिलेली नाही. ज्यांनी देशीवादावर, विद्रोहावर, शोषितांच्या सौंदर्यशास्त्रावर हजारो पाने लिहिली त्यांच्याकडून आम्ही दोन ओळी मागत आहोत.

मुलाखतच बंद करा, एखादी परीक्षा घ्या आणि गुणानुक्रमे नेमा, असे आमच्याच पिढीतील अनेकांना वाटते. त्यांचा संताप समजतो, पण आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. नेट परीक्षा जून २०१२ पासून संपूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. लेखक आणि ग्रंथ यांच्या जोड्या लावता येणारा माणूस कविता शिकवू शकेल, असे त्यातून सिद्ध होत नाही. उलट जोड्या लावता लावता कविता वाचण्याची सवय कशी सुटते याची उदाहरणे आमच्या खोलीतच पुष्कळ आहेत. शिवाय परीक्षाही विकल्या जातात: २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. तेव्हा मुलाखत रद्द करा असे आम्ही म्हणत नाही. मुलाखत घ्या, असे म्हणतो. ती आज घेतलीच जात नाही.

घेतली गेली तर ती कशी असेल? उमेदवाराला त्याने पूर्वी न पाहिलेली एक कविता किंवा गद्याचा उतारा द्यावा, अर्धा तास एकांत द्यावा, आणि मग द्वितीय वर्षाच्या खऱ्या वर्गासमोर वीस मिनिटे उभे करावे. वर्गातल्या मुलांनाही चिठ्ठीवर मत लिहू द्यावे. ती बनेल असतात, पण त्यांना शिकवलेले कळते. त्याचे चित्रीकरण व्हावे. आज लग्नाच्या हळदीचे होते, याचे व्हायला हरकत नसावी. पस्तीस जणांचे एका दिवसात होणार नाही, तर चार दिवस लागू द्यावेत. तीस वर्षांसाठी माणूस नेमायचा आहे. प्रत्येक सदस्याने दिलेले गुण त्याच्या नावासह त्याच सायंकाळी फलकावर लागावेत. आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. विषयतज्ज्ञाने आपण दिलेले गुण आणि त्यांची कारणे स्वतः लिहून ठेवावीत, आणि एखाद्या उमेदवाराने नंतर येऊन विचारले, "सर, मी कुठे कमी पडलो?", तर ती काढून दाखवावीत.

आमच्यातील एकाने असा प्रश्न एका ज्येष्ठ समीक्षकांना त्यांच्या घरी जाऊन विचारला होता. त्यांनी त्याला चहा दिला, आपले नवे पुस्तक सही करून दिले, आणि पुढच्या महिन्यातील चर्चासत्रात निबंध वाचण्याचे आमंत्रण दिले. नोंदणी शुल्क पाचशे रुपये होते.